भिंतीकडे तोंड करणारी नर्सबाई

"मी भिंतीकडे पाहते. तुम्ही बोला." मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्सबाई असं म्हणायची अन् खरंच पाठ फिरवून उभी राहायची. समोरचं माणूस बोलून मोकळं होईपर्यंत वळायची नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी जेमतेम दोन बुकं शिकलेला, पण एवढं मले कळते की हे शहाणपण बुकात नसते.

माझ्या बायकोला तेव्हा खाज सुटली होती. अंगावरून दह्यासारखं पांढरं जायचं. लघवीला बसली की आगीनं डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडे बाईचं दुखणं दवाखान्यात नवऱ्यानं सांगायची रीत. मी गेलो अन् कंपाउंडरला म्हटलं, "पोट दुखते तिचं." दुसरं काही तोंडातून निघेचना. त्यानं एरंडेल दिलं. तीन दिवस बिचारी लोटा घेऊन धावत होती. खाज होती तिथंच.

चौथ्या दिवशी म्हणाली, "तुमची अब्रू तुमच्यापाशी ठेवा. मी माह्या तोंडानं सांगीन." अन् निघालीच. मी मागून.

नर्सबाईनं तिला पडद्याआड तपासलं, जांभळं औषध लावलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "हे पाप नाही, बाहेरची बाधा नाही. जिलेबीचं पीठ उबेत फसफसतं ना? तसलीच बुरशी. कोणत्याही घरच्या बाईला होते. पोटाचं कशाला सांगितलंत?"



बायको बरी झाली. महिन्याभरात पुन्हा तेच. या खेपेला नर्सबाई भिंतीकडे वळली ती माझ्यासाठी. "तुम्हालाही खाज आहे का?"

"मले? मले काऊन असंल? मी काय बाईमाणूस आहो?" माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. खाज होती. दीड महिन्यापासून होती.

तिनं पाठ हलवली नाही. "मग हिला दर महिन्याला आणत जा."

तरातरा दारापर्यंत गेलो. बाहेर बाकावर बायको बसली होती, पदर दातांत धरून. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी परत फिरलो अन् त्या पाठीला म्हटलं, "हाव. आहे मले."

"झालं की. आता एवढंच डॉक्टरसाहेबांना सांगा."

सांगितलं. कपाळाला घाम फुटला, पण सांगितलं. दोघांनीही औषध केलं. त्यानंतर ते दुखणं आमच्या घरात आलं नाही.

पुढं नागपूरहून हुकूम आला अन् तिची मेहकरला बदली झाली. ती निघाली त्या दिवशी मोटार स्टँडवर गावोगावच्या बाया. जी ती चोरून आलेली अन् शेजारणीला पाहून चमकलेली.

"अवं, तू इथं कशी?"

"अन् तू वं?"

मग पदराआड हसू.

आम्ही सात-आठ गडी निंबाखाली उभे होतो. मोटार एकालाही धरायची नव्हती. काऊन आला, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मोटार हलली तसे सगळ्यांचे हात एकदम जोडले गेले. मग एकमेकांकडे न पाहता जो तो आपापल्या वाटेनं गेला.