काळ्या करकोच्याची नोंद

वसंतअण्णांची आणि माझी ओळख आमच्या कानडी मुलखातल्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेतली. ते विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक, मी चित्रकलेची नवी बाई. फळ्यावर मी काढलेलं बदक पाहून ते म्हणाले, "बाई, पाय फारच मागं गेलेत की हो. हे चालणार कसं?" आणि पुढच्याच रविवारी मला अळनावरकडच्या तळ्यावर घेऊन गेले. तेव्हापासून तळ्याचा काठ आणि खालची झाडीची दरी पालथी घातल्याशिवाय आमचा एकही हिवाळा गेला नाही.

अण्णांची शिस्त कडक. स्वतः नीट पाहिलेला नसेल तर पक्षी वहीत चढत नसे. ओल्या गवतात तासभर बसून रिकाम्या हातांनी परतताना मी कुरकुरायची. ते थर्मासमधला पहिला चहा मला द्यायचे, नोंद मात्र करायचे नाहीत.

ह्या शिस्तीला त्यांनी एकदाच मुरड घातली, ती माझ्यासाठी. दुर्बीण माझ्याकडे होती. पाण्यात उभा पक्षी पाहून मी ओरडले, "काळा करकोचा!" अण्णांनी दुर्बीण घेईपर्यंत तो दरीत उतरलाही.

"मान काळी होती?"

"होय, अगदी."

आपल्या भागात हा पक्षी तोवर कुणी नोंदवला नव्हता. अण्णा म्हणाले, "नाव माझं घालतो. उद्या कुणी शंका काढली तर तुम्हांला त्रास नको."

शंका कुणी काढलीच नाही. उलट त्या नोंदीने अण्णांचं नाव झालं. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ह्या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी संपादन समितीने माझ्याकडून काढून घेतलं, तेही त्याच करकोच्याचं चित्र.

गेल्या हिवाळ्यात त्याच काठावर पुन्हा काळ्या मानेचा करकोचा दिसला. तो दोन पावलं सावलीत सरकला आणि मान पांढरीशुभ्र झाली. नेहमीचाच पांढऱ्या मानेचा करकोचा. उन्हाकडे तोंड करून पाहताना मान काळी वाटली, एवढंच. अण्णा शांतपणे म्हणाले, "तप्प आगेद की, चुकलंच. तेव्हाही हाच असणार. चूक झाली माझी. ग्रंथात तसं छापून टाकू."

'माझी' हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चार मसुदे फाडले. समितीचे फोन टाळले. आता सर्वांसमोर लिहिते: तो पक्षी अण्णांनी धड पाहिलाच नव्हता. पाहिला मी, चुकीचा ओळखला मी. अण्णांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. मुखपृष्ठ बदला, नोंद खोडा आणि चूक माझ्या नावावर घाला.

हा लेख मी अण्णांना दाखवलेला नाही. दाखवला असता तर वरचा परिच्छेद त्यांनी मला काढायला लावला असता. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ह्या लेखाबद्दल माझ्यावर चिडायला अजून पुष्कळ हिवाळे मिळोत.