भाच्यांचा पैसा, बहिणीची मदत

माझ्या थोरल्या बहिणीला दरमहा मिळणारी मदत मी एका जेवणात बंद पाडली. जेवण दुसऱ्याचं होतं, मी फक्त वाढलं.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी अमरावतीला एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. ती अकोल्याला दोन खोल्यांत दोन मुलांना घेऊन राहायची. मेहुणे जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. ते गेले तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. शहरातल्या काही वकील-डॉक्टरांनी एक निधी काढला होता, तो अशा बायकांना महिन्याची मदत देई. अट एकच, दुसरा आधार नसावा. बाईचं शिवणकाम आणि ही मदत, यांवर घर चालायचं. मुख्य म्हणजे दर्यापूरला दिरांच्या दारी जावं लागत नव्हतं. दीर दर दोन महिन्यांनी निरोप धाडत, "वहिनीले म्हना, हट्ट सोडा आता. गाडी पाठवतो." ती गेली असती तर मुलांची शाळा सुटली असती आणि शिवणयंत्रावर जावेनं हळदी-तिखटाचे डबे मांडले असते.

मुलांच्या आजोबांनी मरताना एक काम शहाणपणाचं केलं, एक वेडेपणाचं. शहाणपणाचं हे, की आपलं शेत त्यांनी नातवंडांच्या नावे केलं. सुनेच्या हाती दिलं तर आपला दुसरा मुलगा ते काढून घेईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वेडेपणाचं हे, की विश्वस्त म्हणून मला नेमलं. "मास्तर आहे, कागद समजतो," असं ते म्हणाले होते म्हणे. माझा कागदाशी संबंध होता, पण त्यावर कमळ काढण्यापुरता. पुढे शेत विकून रक्कम कोर्टात जमा झाली. मुलं सज्ञान होईपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही, मी नाही आणि बाईनंही नाही. मला त्या पदाचा भारी अभिमान. शाळेत मास्तरांच्या खोलीत मी उगीचच म्हणायचो, "जरा कोर्टाचं काम होतं."

चैत्रातल्या एका रविवारी मी बाईकडे निघालो. बडनेऱ्याच्या फलाटावरचा तो मातीच्या कपातला चहा, मूर्तिजापूर गेल्यावर खिडकीतून अंगावर येणारी गरम हवा, अकोल्यात टांग्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेले कापसाचे पुंजके. मोसम संपला तरी ते पुंजके तसेच असायचे, जणू कापसाच्या गाड्या आत्ताच गेल्यात. आता त्या वाटेवर बाभळीच राहिल्या नाहीत.

भाऊ येणार म्हणून बाईनं पुरण घातलं होतं. पोळ्या लाटून झाल्या आणि ती कुणाचं शिवलेलं पोलकं पोचवायला गेली. तेवढ्यात काळी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ दारात आले. "निधीकडून आलो. वर्षाची चौकशी आहे."

शहाण्या माणसानं पाणी दिलं असतं आणि गप्प बसला असता. पण भर दुपारी दारी आलेला माणूस उपाशी परत पाठवायचा, तोही बहिणीच्या घरून? आमच्या वऱ्हाडात तेवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या नाव निघतं. मी पाट मांडला. तूप कमी होतं. शेजारच्या चाचीकडे, म्हणजे बांगडीवाल्यांच्या घरी गेलो. चाचीनं तूप दिलं आणि पाहुणे म्हटल्यावर हौसेनं चांदीच्या वाटीत दिलं. मी पोळी बुडेपर्यंत धार धरली.

"घर छान ठेवलंय," गृहस्थ म्हणाले.

"बाई आहेच तशी. अन् पोरांची तर आता काळजीच नाही. कोर्टात ठेव आहे त्यांच्या नावानं. मीच पाहतो ते सारं."

"असं का?" त्यांनी तिसऱ्या पोळीला हात आडवा केला, हात धुतले आणि वही काढली. मला वाटलं, माझं नाव लिहून घेतायत.

आठ दिवसांत बाईला पत्र आलं. कुटुंबास पुरेसा आधार असल्याचे दिसून आल्यावरून मदत थांबवण्यात येत आहे. मी धावत अकोल्याला गेलो. बाई ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय जेवू घातलं तू त्याइले?"

"पुरणपोळी."

"एवढं तूप कुठून आनलं?"

"चाचीकडून."

"कशात?"

मी वाटीचं सांगितलं. तिनं शिवणयंत्राचं झाकण बसवलं आणि दर्यापूरचं ताजं पत्र माझ्यापुढे टाकलं. दीर पुढल्या महिन्यात गाडी घेऊन येणार होते.

मग मी दुसरा शहाणपणा केला. कोर्टात अर्ज दिला, की ठेवीतून मुलांच्या आईला दरमहा पोटापुरतं मिळावं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पैसे कोणाचे?"

"मुलांचे."

"मग आईला कसे द्यायचे? तुम्ही विश्वस्त ना?"

मी हो म्हणालो, पण फार हळू. अर्ज नामंजूर. हुकमाची नक्कल कोटाच्या खिशात दडवून बाईच्या घरी आलो. बाईनं ती काढलीच. उंबऱ्यावर बसून तिनं दोनदा वाचली.

"तू वाचलं हे?"

"नामंजूर आहे."

"त्याच्या खालचं वाच ना. आईच्या पोटापान्यासाठी या रकमेवर तिचा कोनताच हक नाही, असं लिवलं हाये. मंग मले दुसरा आधार हाये कुठं? खुद जज्जच नाही म्हनून राहिला. चाल, घाल चपला."

चाचीनं ऐकलं तशी तीही निघाली. निधीच्या त्या गृहस्थांच्या ओसरीवर आम्ही तिघं उभे राहिलो. मी खाकरून सुरुवात करणार, तोच चाची म्हणाली, "साहब, वो चांदी की वाटी मेरे मायके की है. घी बी मेराच था. इनके घर में तो चमचा बी पीतल का है."

बाईनं दिरांच्या पत्रासह नक्कल पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून खालची ओळ वाचली.

"हे त्या दिवशी काहून नाही सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

"त्याचं असं आहे, की विश्वस्त या नात्यानं मी..."

त्यांनी हात वर केला आणि बाईकडे वळले. "मदत पुढच्या महिन्यापासून चालू होईल. दर्यापूरले जायची काही गरज नाही तुमाले."

बाईनं वाकून नमस्कार केला. निघताना त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोराइचे पैसे कोर्टात ठेवले, हे फार चांगलं झालं बाई," ते म्हणाले. "संगंसंगं यालेबी तिथंच जमा कराले पायजे होतं."