बोडक्या देवळाचा कौल

देवळात दोन गोष्टी रोज जमतात. फुलं आणि किस्से. फुलं संध्याकाळी निर्माल्याच्या टोपलीत जातात. किस्से कुठे टाकायचे ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठून राहिलेत.

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. त्याच्या पायरीला लागून माझं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल आणि वर निळी ताडपत्री. नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी इथेच बसतो. मी फारसा बोलत नाही. त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात, जसं काही मी टेबलाचाच एक भाग आहे.

*

आमच्या देवळाला शिखर नाही. पांडवांनी ते एका रात्रीत बांधायला घेतलं, पण शिखर चढवायच्या आत कोंबडा आरवला आणि ते काम टाकून निघून गेले, अशी गोष्ट आहे. त्यामुळे गाभाऱ्याच्या वर छताच्या जागी चौकोनी भोक राहिलंय. त्यातून थेट आकाश दिसतं. आसपासचे लोक प्रेमाने 'बोडकं देऊळ' म्हणतात.

ही गोष्ट सांगायचा मान आमच्या अण्णा गुरवांचा. वय ऐंशीच्या पुढे. मूळचे कणकवलीकडचे, पण मुलुंडमध्ये इतकी वर्षं काढली तरी मालवणी सोडलेली नाही.

एकदा नाहूरच्या एका सोसायटीतली छोटी मुलगी आजीबरोबर आली होती. तिने सगळी गोष्ट नीट ऐकली आणि म्हणाली, "पाच जण होते ना? मग एकाने जाऊन कोंबड्याला पकडून ठेवायचं."

 दोन-तीन दिवस अण्णा काहीतरी विचार करत होते. त्यानंतर गोष्ट सांगताना त्यांनी शेवटी एक वाक्य वाढवलं, ते आजपर्यंत चालू आहे: "भीमाक कोंबडो धरूक धाडल्यानी, पण त्येका भूक लागली होती आणि खंयचो कोंबडो ता कळाक नाय, दुसरोच धरून खाल्ल्यान."

*

गाभारा जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं आणि दाराचा दगड इतका खाली आलाय की उंच माणसाचं कपाळ त्याच्यावर आपटतंच. देवळाच्या कमिटीने यावर उपाय म्हणून दाराच्या वर बोर्ड लावला, 'डोके सांभाळा'.

लोक मान वर करून बोर्ड वाचायला लागले आणि पायरीवरून घसरायला लागले.

मग पायरीजवळ दुसरा बोर्ड आला, 'पाय सांभाळा'. आता लोक खाली बघून तो वाचतात आणि डोकं आपटून घेतात. पहिला बोर्ड काढावा की दुसरा, यावर कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या. अण्णांचं मत कोणी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की दोन्ही काढा, पूर्वी फक्त डोकंच लागायचं.

*

बाहेरच्या भिंतीवर एक बाई कोरलेली आहे. दगड झिजलाय, पण हातात काहीतरी आहे एवढं कळतं. आमच्याकडच्या बायका तिला देवी मानतात. मंगळवारी हळदकुंकू लावतात, माझ्याकडून वेणी घेऊन जातात.

मूर्तिकला शिकणारी एक कॉलेजची मुलगी आली. तासभर वही घेऊन बसली आणि मग बायकांना जरा घाबरतच म्हणाली की ही देवी नाही, आरशात बघून नटणारी साधी बाई आहे. जुन्या देवळांवर अशा असतात.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता वाट लागली. पण त्यांच्यातल्या परबकाकूंनी तिला जवळ बोलावून विचारलं, "का गं, देवीने आरसा बघू नये?"

मुलगी हसायला लागली. जाताना तिनेही कुंकू लावलं. त्या दिवसापासून काही बायका देवीसमोर टिकलीचं पाकीटपण ठेवतात.

*

आमच्याकडे कौल लावतात. कोकणातले गिरणी कामगार इथे राहायला आले तेव्हा ही पद्धत घेऊन आले. पिंडीच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, अण्णांनी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. लग्न, जागा, नोकरी, सगळं विचारतात.

एकदा दोन भाऊ गावचं घर विकायचं की नाही ते विचारायला आले. पाकळी पडली आणि दोघांचं भांडण सुरू झालं. मोठा म्हणतो आपल्या उजवीकडची पडली, म्हणजे विका. धाकटा म्हणतो देव आपल्याकडे तोंड करून बसलाय, त्याची ती डावी. मोठा म्हणाला, पिंडीला तोंड कुठे असतं रे?

अण्णांनी दोघांना बोलू दिलं. मग म्हणाले, "सांगणारो देव, मगे उजवी तुमची कशी?"

घर अजून आहे. दोघं मे महिन्यात तिथे एकत्र जातात आणि एकत्र भांडतात.

*

आता शिखराचं सांगतो. या वर्षी आमच्या कमिटीचे अध्यक्ष, दत्ताराम सावंतकाका, यांनी ठरवलं की शिखर बांधायचंच. त्यांचे वडील गिरणीत होते. देव असा उघडा बघवत नाही, असं ते मरेपर्यंत म्हणायचे. सावंतकाकांनी मीटिंग घेतली, शिखराचं चित्र मंडपात लावलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवाची परवानगी म्हणून येत्या सोमवारी कौल लावायचा असं ठरलं. तो फक्त रिवाज, असंच सगळे धरून चालले होते.



सोमवारच्या आधी सावंतकाका वरच्या भोकाचं माप घ्यायला आले. टेपचं दुसरं टोक धरायला मला आत घेतलं. दुपारची वेळ होती. अण्णा पूजेला बसले होते आणि आम्ही आल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला माहीत होतं, काकांना नव्हतं. अण्णांच्या डोळ्यांचा पडदा गेलाय. डॉक्टरांनी हात टेकले. सकाळची पूजा ते हाताने चाचपून करतात. दिवा लावला, बल्ब लावला तरी त्यांना काही दिसत नाही. फक्त दुपारी ऊन त्या भोकातून सरळ पिंडीवर उतरतं, तेव्हा थोडा वेळ दिसतं.

ऊन उतरलं. अण्णा पुढे वाकले, अगदी नाक लागेल एवढे. पिंडीच्या कडेला सकाळचं एक बेलाचं पान राहिलं होतं, ते त्यांनी बरोबर उचललं. मग देव जागेवर आहे ना, असं विचारावं तसं हळूच म्हणाले, "आसस मां रे?"

सावंतकाकांनी टेप गुंडाळली. तिचा आवाज झाला तेव्हा अण्णांनी मान वळवली.

"अण्णा, मला सांगितलं का नाही?" काका म्हणाले.

"काय सांगू, दत्ता? माज्या डोळ्यांसाटी देवाचा शिखर अडवू?"

काका बाहेर येऊन माझ्या टेबलाजवळ बराच वेळ उभे राहिले. माप घेतलंच नव्हतं. आता मागे फिरायचं तर सगळ्यांना कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की कोणीतरी म्हणणार, डोळे गेले तर अण्णांनी आता घरी बसावं. मग काका निघून गेले.

*

सोमवार आला. कौल होता म्हणून मी आणि अण्णांनी पहाटेच गाभारा धुऊन काढला, वर ओल्या फडक्याने पुसलाही. दुपारी गर्दी पायऱ्यांपर्यंत आली होती. गाभाऱ्यात अण्णा, अध्यक्ष म्हणून पिंडीजवळ सावंतकाका, मागे कमिटीचे चार जण आणि पाकळ्या द्यायला मी.

ऊन उतरल्यावर अण्णांनी शेवंतीच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. मला वाटलं होतं त्यांचा आवाज कापेल. अजिबात कापला नाही.

"बा महादेवा, ही तुजी लेकरां तुज्या दारात उबी आसत. तुज्या डोक्यार शिखर बांदूचा म्हणतत. त्येंची भक्ती खरी आसा. तुका मान्य आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पाकळी सरकली. थोडी थांबली, परत सरकली. मागून कोणीतरी 'आली, आली' असं कुजबुजलं. अण्णा तिच्याकडे बघत होते आणि त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात सावंतकाकांना शिंक आली. चांगली मोठी. डाव्या बाजूला तोंड करून.

डावी पाकळी खाली पडली.

 मग खजिनदार म्हणाले की हा कौल धरता येणार नाही, परत लावा. आणखी एक-दोघं तेच म्हणाले. सगळे अण्णांकडे बघायला लागले.

अण्णांनी पडलेली पाकळी उचलली, कपाळाला लावली.

"शिंक दत्ताची," ते म्हणाले. "पाकळी देवाची."

 लोक हळूहळू पांगले. सावंतकाका बाहेर आले, नाक पुसत होते. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं की काका, सर्दी झाली का.

"छे रे, धूळ," काका चपला घालत म्हणाले. "जरा झाडत जा आतमध्ये."