साहेब येणार म्हणून भरलेला गाळा

सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला की दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगारवाला निदान महिन्याला येतो, किस्से कोण नेणार? म्हणून आम्हीच ते टपरीवर एकमेकांना पुन्हा पुन्हा ऐकवतो. आम्ही म्हणजे मी खोकीवाला, प्लास्टिकची झाकणं बनवणारे डॉमनिककाका, टेम्पोवाला प्रवीण आणि शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या वैशालीताई.

*

आमच्याकडे एक रीत आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचे साहेब ज्याच्याकडे येणार, त्याचा गाळा सगळ्यांनी मिळून भरायचा! माल कमी दिसला की साहेबांचं तोंड वाकडं होतं ना. एकदा काकांकडे माझी खोकी छतापर्यंत रचली. साहेब जरा टेकले, ते खोक्यांसकट आडवे! सगळी रिकामी. प्रवीण धावला, "साहेब, लागलं नाही ना? माल आत्ताच डिस्पॅच झाला!"

*

करोनात वॉचमनच्या हातात ताप मोजायची गन आली. ती सगळ्यांना नव्वदच दाखवायची. काका वैतागले, "अरे, एवढ्या गार माणसाला आमच्यात पुरतात!"

वॉचमन म्हणाला, "ते नंतर बघू. आधी सॅनिटायझर लावा."

*

परवा पुढच्या साथीची तयारी म्हणून मॉक ड्रिल झालं. पेशंट व्हायला प्रवीणच पुढे, दुसरं कोण! स्ट्रेचर, ऑक्सिजन, सायरन, सगळं झोकात. पण अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. मध्ये टेम्पो आडवा! ड्रिल घेणाऱ्या आरोग्य खात्याच्या मॅडम ओरडल्या, "कोणाचा आहे हा?"

अँब्युलन्सचं दार उघडलं. पेशंट उतरला, त्याने टेम्पो बाजूला घेतला आणि परत येऊन मास्क लावून आडवा झाला!

*

पण वैशालीताईंचा किस्सा तो वैशालीताईंचाच. लॉकडाऊन उठला तरी शाळा बंद, मग युनिफॉर्म घेणार कोण? कारागीर गावी गेलेले, मशीनवर चादरी. सरकारी मदत मिळाली नाही तर महिनाअखेरीला गाळा सोडायचा, असं सांगताना ताई टपरीवरच रडल्या.

पाहणीला सरकारी साहेब येणार असं कळलं. ताई त्यांना आणायला गेटवर गेल्या आणि आम्ही कामाला लागलो! खोकी रचली, पंखे लावले, प्रत्येक मशीनवर एकेकाला बसवलं. काका तर पहिल्याच मशीनवर, नुसता खडखडाट!

साहेब दारातच थबकले. "ताई, धंदा जोरात चाललाय की!"

ताईंचा चेहरा पांढराफटक. माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "अहो, मदत बंद पडलेल्या धंद्यांना आहे!"

मेलो! साहेब सावकाश फिरले. एक खोकं उचलून बघितलं, रिकामं. मग काकांच्या मशीनपाशी वाकून बराच वेळ उभे राहिले.

"काका, सुईत दोरा नाहीये."

"चालतं, साहेब!" काकांनी आणखी जोरात पाय मारले.

साहेबांनी पेन काढलं. "ताई, 'धंदा बंद' असं लिहितो."

काका ताडकन उठले. "बंद काय लिहिता, साहेब? सकाळपासून घाम गाळतोय आम्ही!"