चालतंय की, काका

परतीच्या दोन रुपयांसाठी एसटी थांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतात आणि उतरताना प्रवासी ती मागायला विसरतात. आमचे कंडक्टर काका विसरू द्यायचे नाहीत. कोरेगावात उतरून चालू लागलेल्या म्हातारीला ते दारातून लटकून हाक मारायचे, "आवं मावशी, दोन रुपयं ऱ्हायलं तुमचं!" ड्रायव्हर वैतागला की म्हणायचे, "दुसऱ्याचं पैसं खिशात ठिवून मला जेवान जात न्हाई गड्या. तू मार हॉर्न."

आमची घरं एकाच बोळात. साताऱ्याला कॉलेजला मी त्यांच्याच गाडीनं जायचो. एकदा एक दारुडा बायकांच्या सीटवर जाऊन बसला. काकांनी आवाज न चढवता त्याला उठवलं, रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि उरलेल्या टप्प्याचे पैसेही मोजून त्याच्या हातावर ठेवले. "उतर. पर हिशेब चुकता करून उतर." सगळी गाडी हसली. हा माणूस कुणाला घाबरू शकतो, असं मला तेव्हा वाटलंच नसतं.

कागदावर मात्र त्यांचा फार विश्वास. डेपोतलं परिपत्रक आलं की उभ्यानं, मोठ्यानं वाचायचे. त्यात असेल तेवढं करायचं, कमी नाही, जास्त नाही. "लिवून आलंय न्हवं? मग इचार कशाला?" काकी त्यांची थट्टा करायच्या, "उद्या लिवून आलं हिरीत उडी मारा, तर मारशीला."

मी साताऱ्यात एका खाजगी बँकेची क्रेडिट कार्डं विकायला लागलो, तेव्हा काकांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. महिन्याचा आकडा पुरा होईना म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. "असू दे की पोराचं काम," म्हणाले आणि सही केली. फॉर्म मी भरला. ओळखीच्या माणसाचा नंबर हवा होता, तर मलकापूरच्या त्यांच्या जावयाचा टाकला. तोही मीच.

काकींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीला झालं. बिलातले ऐंशी हजार कार्डावर गेले. पहिलं स्टेटमेंट आलं तसे काका ते घेऊन माझ्याकडे आले. त्यावर दोन आकडे होते, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. काकांनी चष्मा वर केला. "पोरा, पतसंस्थेत माझी लाखभराची एफडी हाय. ती मोडून हे समदं एकदम भरून टाकतो आन् कार्ड कापून चुलीत घालतो. का हे खालचं तेवढं भरलं तरी चालतंय?"

वर्षाच्या आत ग्राहकानं कार्ड बंद केलं की आमचं कमिशन परत कापलं जायचं. हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा साडेतीन व्याज चढतं, हेही मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "चालतंय की, काका. एफडी कशाला मोडताय?"

पुढची चार वर्षं काकांनी ती किमान रक्कम एकदाही चुकवली नाही. तारखेच्या दोन दिवस आधीच भरायचे आणि बोळात भेटले की अभिमानानं सांगायचे, "बँकेचा एक दिस बी मोडला न्हाई." मी हसून पुढं जायचो. नंतर नंतर त्यांना टाळण्यासाठी मागच्या गल्लीनं जायला लागलो. निवृत्तीनंतर ती किमान रक्कम भरण्यासाठीच एफडी मोडली गेली, थोडी थोडी करत. एफडी संपली तरी कर्ज जवळजवळ होतं तिथंच होतं.

एक हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. दिवसाला दहा-बारा. मी एकदा त्यांच्या ओट्यावर होतो तेव्हा फोन वाजला. काकांनी कपबशी खाली ठेवून तो उचलला. पलीकडून विशीतल्या पोराचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, "काय म्हाताऱ्या, घरी येऊ का माणसं घेऊन?" दारुड्याला उतरवणारे काका उभे राहून म्हणाले, "न्हाई साहेब, नका येऊ. भरतो साहेब." नंतर फोन टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. तरी डब्यातून घरघर ऐकू यायचीच. दारावर कुणी थाप मारली की दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघायची आणि श्वास धरून बसायची. एकदा ती थाप माझी होती.

मग मलकापूरला जावयाला फोन गेला. त्या दुपारी काका माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. "पोरा, आता सोयऱ्याच्या दारात जात्यात का रं ही माणसं? पोरीला नांदवतील का?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. कमिशन, व्याज, जावयाचा नंबर, सगळं सांगून टाकलं. मार खायची तयारी होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सावकार शेकडा तीननं देतो, त्याला आपण चोर म्हणतो." एवढंच. जाताना उंबऱ्यात थांबले. "मला सांगितलंस, ते ऱ्हाऊ दे. तुज्या काकीला सांग. 'माज्या गुडघ्यापायी घर बुडालं' म्हणून ती रोज रडती. दुसरा गुडघा सडला तरी दावीना डॉक्टरला. माजं तिला खरं वाटत न्हाई, समजूत घालतोय म्हणती. तुजं वाटंल."

"सांगतो काका. रविवारी येतो."

काकांनी रस्त्याकडेची दोन गुंठे जागा विकली आणि बँकेशी तडजोड करून मोकळे झाले. सहा महिन्यांत गेले. त्यांच्या तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो. काकी भिंतीला धरून चालत होत्या. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. नोकरी सोडली होती, भीती सुटली नव्हती. सांगितलं तर बोळात तोंड कसं दाखवू, ही भीती.

गेल्या महिन्यात गेलो. काकी पाय पसरून बसल्या होत्या, उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. मी खाली बसलो आणि काही न लपवता सांगितलं.

"म्हंजे माज्या गुडघ्यानं न्हाई झालं?"

"न्हाई काकी. माझ्यानं झालं."

"त्येंला ठावं हुतं?"

"हो. तुमाला सांग म्हणून त्यांनीच मला बजावलं होतं."

"कवा?"

"तीन वर्षं झाली."

काकींनी पदरानं गुडघा झाकला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् मी त्येंच्या फोटूम्होरं रोज माफी मागतीया रं."