चिंचेनं घासलेली दहाची नाणी

दोन धातूंची नाणी जमवणाऱ्यांनो, हे जरा मन घट्ट करून वाचा.

पोलंडच्या एका संग्राहक मित्राशी माझी अदलाबदल ठरली होती. त्याच्या पाच झ्लॉटीच्या नाण्यांच्या बदल्यात आपली दहाची नाणी, पिवळी कडा आणि मध्ये पांढरी. जुन्या छापाची नाणी मी गांधीबागेतल्या दुकानदारांच्या मागे लागून जमवली होती. आज पाकीट करायचं म्हणून टेबलावर मांडली आणि आंघोळीला गेले.

परत येऊन बघते तर सासूबाई मोरीपाशी बसलेल्या. वाटीत चिंच आणि मीठ, आणि माझी नाणी लखलखीत.

"आई, हे काय केलं?"

"परदेशात पाठवून राहिली नं वं? मग असे काळे सिक्के काहून पाठवते? लोकाच्या घरी मळकं देतात का?"

घासलेल्या नाण्याला आपल्यात कोणी विचारत नाही, काळाचा तो रंगच आपण जपतो, हे त्यांना कसं सांगणार? मित्राला मात्र फोटो पाठवून खरं ते कळवलं.

तासाभरात त्याचं उत्तर आलं. न घासलेली नाणी मला कुठेही मिळतील, तू सासूबाईंनी घासलेलीच पाठव.

मी आईंना वाचून दाखवलं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "त्याले सांग, तुयेबी पाठव म्हणा. मी घासून देईन."

मंडळी, चिंच अजून उरली आहे. आणखी कोणाची नाणी काळी पडली आहेत?