आमचं बुधवारी असतंय

चार माणसं दर बुधवारी एका खोलीत बसून रडायला लागली, की वर्षभरात इतके किस्से साठतात की विचारू नका. लोकांना वाटतं, अशा ठिकाणी नुसते रुमाल भिजत असतील. भिजायचे की! पण निम्म्या वेळा हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसण्यातच भिजायचे.

दोन हजार पाचच्या महापुरानंतरची ही गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर मानसोपचाराचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पुरात सापडलेल्यांसाठी एक गट सुरू केला. दर बुधवारी दुपारी यायचं, गोल बसायचं, बोलायचं. पहिल्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. महिन्याभरात उरलो चौघं.

एक मी. नववी-दहावीला गणित शिकवते. आमच्या घराचा तळमजला बुडाला तेव्हा आम्ही तीन दिवस टेरेसवर काढले होते. दुसऱ्या गडहिंग्लजच्या नीलव्वा अक्का, सत्तरीच्या आसपासच्या, कापड दुकानाच्या मालकीण. घरचे लिंगायत, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरायच्या. तिसरे शिरोळकडचे चौगुले अण्णा, शेतकरी, शब्द मोजून वापरणारे. आणि चौथे गारगोटीचे दत्तूमामा. बसचे ड्रायव्हर. त्यांची भरलेली गाडी पुराच्या पाण्यात सापडली होती.

हे सगळं सांगायची परवानगी मी तिघांकडून घेतलीय. अक्कांनी एकच अट घातली. "आमास्नी बिचारी म्हनायचं न्हाय. म्हनलीस तर गडहिंग्लजास्नं येऊन बडवीन!"

*

पहिली अडचण जिन्याची. 'मानसोपचारतज्ज्ञ' अशी पाटी पार रस्त्यावरून दिसायची. आत शिरताना कुणी ओळखीचं भेटलं तर? नशिबानं पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. म्हणून आम्ही सगळे गाल धरून जिना चढायचो!

दत्तूमामांची मात्र पंचाईत होती. त्यांच्या तोंडात वरची-खालची, दोन्ही कवळ्या. एकदा गारगोटीच्या बाजारात शेजाऱ्यानं चारचौघांत विचारलं, "मामा, दर बुधवारी दाताच्या डॉक्टरकडं जातोय म्हनताय. पन तुमच्या तोंडात दात हायतच कुठं?"

मामांनी कवळी काढली, त्याला नीट दाखवली, परत बसवली आणि म्हणाले, "दात झ्याक हायत. डोस्कं दावाय जातोय. चल की, तुझं बी दावू!"

त्या दिवसापासून आम्ही कुणीच गाल धरला नाही.

*

मॅडम पुण्याहून शिकून आलेल्या, तरुण, फार गुणी. पण त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. 'गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला निराश वाटले का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज.' एकावर खूण करायची.

अक्कांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग फॉर्म बाजूला ठेवला.

"यव्वा," त्या मॅडमना म्हणाल्या, "माज्या नवऱ्यानं चाळीस वर्सं सांभाळलेलं दुकान. धनी गेल्यावर मी सांभाळलं. सगळी लुगडी चिखलात गेली. आता ह्याच्यावर निराश वाटतंय का म्हून इचारतीस व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "अक्का, सगळ्यांना विचारावंच लागतं."

"मग असं कर. ज्याला वाटत न्हाय म्हनंल, त्याला पयलं औषध दे!"

मॅडमनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे वर्षभर तो काही बाहेर आला नाही.

*

चौगुले अण्णा पहिले दोन महिने एक अक्षर बोलले नाहीत. यायचे, पटका मांडीवर ठेवून बसायचे, वेळ संपली की नमस्कार करून जायचे. त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या. पाणी चढलं तेव्हा चार सोडता आल्या. दोघींच्या दाव्याच्या गाठी भिजून आवळल्या होत्या, सुटल्या नाहीत. एवढंच आम्हाला ठाऊक, तेही त्यांच्या मुलानं सांगितलेलं.

एका बुधवारी त्यांचे मेहुणे बरोबर आले. गोलात बसले आणि अण्णांच्या देखतच सुरू झाले. "आता काय सांगू तुमाला! घरातली समदी मानसं वाचली. आन् हे दोन म्हशींसाठी जेवत न्हाईत. मानूस मेल्यागत रडत्यात हो! लोक हसाय लागल्यात."

मॅडम काहीतरी जपून बोलायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात दत्तूमामा खुर्चीवर पुढे सरकले.

"पावणं, एक इचारू? तुमी गेल्यावर तुमच्यासाठी इतकं रडंल असं हाय का कोन?"

कोपऱ्यातून एक आवाज आला. आम्हाला आधी कळलंच नाही कुणाचा. अण्णा हसत होते! हसता हसता रडायला लागले. मग डोळे पुसून दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलले.

"गौरी आन् तांबडी. नावं हुती त्यांची."

त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच बोललो नाही. फक्त गौरी आणि तांबडी. कुठली किती दूध द्यायची, कुठली कुणाला शिंग मारायची. मेहुणेसुद्धा शेवटी म्हणाले, "तांबडीनं मला एकदा पाडलं हुतं की!"

*

माझं दुखणं आवाजाचं. शाळेच्या मागच्या वर्गांना पत्र्याचं छप्पर आहे. पुढच्या पावसाळ्यात एकदा फळ्यावर प्रमेय लिहीत होते आणि पत्र्यावर पाऊस कोसळला. हात थांबला. मला समोर फळा दिसेना, आमचा जिना दिसायला लागला आणि एक-एक पायरी गिळत वर येणारं पाणी.

मुलींनी मला खुर्चीवर बसवलं.

हेडमास्तर भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, आठ दिवस रजा घ्या. अर्जात ताप लिहा."

"मला ताप नाहीये, सर."

"अहो, पण दुसरं काही लिहिलं तर बरं दिसणार नाही. लोक काय म्हणतील?"

मी अर्ज लिहिला. कारण : भीती.

ऑफिसातला क्लार्क अर्ज घेऊन माझ्यामागे व्हरांड्यात आला. बिचाऱ्याचा प्रश्न खरा होता. "मॅडम, भीतीची रजा कशात धरू? किरकोळ का वैद्यकीय?"

मी म्हटलं, "अर्जित धर. तीन दिवस टेरेसवर बसून कमावलीय!"

*

अक्कांच्या सुनेच्या माहेरच्यांनी एक देवरुषी आणला. त्यानं अक्कांच्या डोळ्यांत बघितलं, तांदूळ टाकले आणि निकाल दिला. नदीनं धरलंय. काळं कोंबडं लागेल.

"आमच्यात कोंबडं चालत न्हाय," अक्का म्हणाल्या.

देवरुषी उदार होता. "मग कोहळा द्या."

"कोहळ्यावर भागतंय व्हय नदीचं? मग आधीच सांगाचं हुतंस की! माझं अख्खं दुकान कशाला न्हेऊ दिलंस?"

*

ह्याच अक्कांकडे पुढे एक पुढारी आले. ब्लँकेटं वाटायला. पूर ओसरून चार महिने झालेले, अक्कांनी दुकान पुन्हा उघडलेलं, मागच्या फडताळात त्यांची स्वतःचीच ब्लँकेटं रचलेली! तरी पुढाऱ्यांनी ब्लँकेट पुढे केलं. बरोबर फोटोग्राफर. अक्का सरळ कॅमेऱ्यात बघत ताठ उभ्या.

फोटोग्राफर म्हणाला, "आज्जी, जरा रडल्यागत करा की. फोटो चांगला येतोय."

अक्का म्हणाल्या, "हितं न्हाय. आमचं बुधवारी असतंय!"

*

आता दत्तूमामांचं.

मामा सगळ्यांना हसवायचे. स्वतःचं कधी बोलायचे नाहीत. सहा महिन्यांनी एका बुधवारी कुणी न विचारता बोलले.

पुराच्या दिवशी गाडीत एक म्हातारा होता. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे चिंचेचं एक झाड आहे, तिथून त्याच्या वस्तीकडे पायवाट जाते. म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "डायवर, चिंचंपाशी सोडा." मामा म्हणाले, "हितं थांबा न्हाय. पुलापल्याड उतरा." रोज कुणी ना कुणी तसं म्हणायचं, रोज मामा हेच उत्तर द्यायचे. गाडी पूल ओलांडून पलीकडच्या उताराला लागली आणि शेतांतून पाणी आडवं आलं. इंजिन बंद पडलं. गावातल्या पोरांनी दोर टाकला. मामांनी एकेकाला खिडकीतून काढून दिलं. बाकी सगळे निघाले. म्हाताऱ्याचा हात दोरावरून सुटला.

चौकशी झाली. मामांचा काही दोष नाही असं ठरलं. तरी मामांना स्टिअरिंग धरवेना. डेपोनं त्यांना आवारातलं हलकं काम दिलं.

"समदी म्हनत्यात तुजी काय चूक न्हाय," मामा म्हणाले. "ते मला बी ठावं हाय. पन थांबाय येत हुतं की ओ."

मॅडम त्यांची समजूत घालायला गेल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मामा, आता काय करावंसं वाटतं?"

मामांनी तळहात मांडीवर पुसले. "गाडी चालवाची हाय," म्हणाले. "त्याच रस्त्यानं."

त्याला आणखी चार महिने लागले. तपासणी झाली, डॉक्टरी दाखला झाला, रिकामी गाडी घेऊन सराव झाला. मग पावसाळ्याच्या तोंडावर मामांना त्याच मार्गाची ड्यूटी मिळाली. पहिल्या फेरीला आम्ही तिघं तिकीट काढून बसलो. आमच्या मागच्या सीटवर मॅडम, त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलेलं. अण्णांनी नवा पटका बांधलेला. बाकी गाडी बाजाराच्या माणसांनी भरलेली. त्यांना काही माहीत नव्हतं.

मामा नीट चालवत होते. आरशात दिसायचं, कपाळावर घाम होता. लांबून नदी दिसली. पाणी गढूळ, पण पात्रात. मग चिंचेचं झाड दिसलं. अक्कांनी माझा हात धरला.

मामांनी गाडी बाजूला घेतली. झाडाखाली थांबवली.

कंडक्टरला कळेना. कुणी उतरायला उठलं नाही, बाहेर चढणारं कुणी नव्हतं. नुसती पायवाट, आणि दोन्ही बाजूंना वाऱ्यानं हलणारा ऊस. मामा मान वळवून उघड्या दाराकडे बघत होते.

मागून एक माणूस ओरडला, "ओ डायवर, गाडी का थांबवली? हितं थांबा न्हाय!"

मामा म्हणाले, "हाय. आजपास्नं हाय."